निर्वानाचं ‘ब्लीच’: एलपी घेण्याआधी आणि घेतल्यावर

निर्वाना या अमेरिकी रॉक बँडच्या ‘ब्लीच’ची एलपी आमच्याकडून नेणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पहिलं गाणं खाली वाटतं, दोन गाण्यांतले ड्रम्स वेगळेच ऐकू येतात, बाजू संपत आली की आवाज फाटतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी रेकॉर्डिंगमध्येच आहेत, नवी प्रत घेऊनही त्या बदलणार नाहीत. तिसरीचं मूळ बहुधा सुईत असतं.

आवाज असा का आहे

निर्वानाचा हा पहिला अल्बम सिॲटलच्या ‘रेसिप्रोकल रेकॉर्डिंग’ स्टुडिओत जॅक एंडिनो यांनी आठ ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित केला. मुख्य काम डिसेंबर १९८८ ते जानेवारी १९८९ मधलं, खर्च ६०६.१७ डॉलर. ‘सब पॉप’ या रेकॉर्ड कंपनीने तो १५ जून १९८९ ला बाजारात आणला. इतक्या पैशांत एकेका गाण्यावर घोटून काम करणं शक्य नव्हतं. गिटारचा खरखरीतपणा आणि गाण्यांमधली टेपची सळसळ त्यातलीच आहे. रेकॉर्ड धुऊन ती जाणार नाही.

‘फ्लॉइड द बार्बर’ आणि ‘पेपर कट्स’ ही दोन गाणी जानेवारी १९८८ च्या डेमोतून, म्हणजे आधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणातून, घेतली आहेत. त्यांत ड्रम्सवर ‘मेल्व्हिन्स’ या बँडचे डेल क्रोव्हर आहेत, बाकी एलपीवर चॅड चॅनिंग. वेगळं ऐकू आलं असेल तर तुमचे कान शाबूत आहेत.

कव्हरवर गिटारवादक जेसन एव्हरमन यांचं नाव आणि फोटो दोन्ही आहेत, पण त्यांनी या रेकॉर्डवर एक सूरही वाजवलेला नाही. स्टुडिओचं बिल त्यांनी भरलं होतं! बँडचे गायक-गिटारवादक कर्ट कोबेन यांच्या नावातही एक ‘डी’ जास्तीचा आहे आणि आडनाव ‘सी’ऐवजी ‘के’ने सुरू होतं. मूळ छपाईच तशी आहे, त्यावरून माल नकली समजू नका.

पहिलं गाणं खाली का लागतं

‘ब्लू’ या पहिल्या गाण्यात वाद्यं ठरवल्यापेक्षा पेटीवरच्या दोन पट्ट्या खाली लागली आहेत. आधीच उतरवलेल्या तारा चुकून आणखी उतरवल्या गेल्या आणि सहावी तार ‘डी’ऐवजी ‘सी’वर आली. गिटार घेऊन सोबत वाजवणाऱ्यांना हे लगेच टोचतं.

मात्र सगळीच गाणी खाली वाटत असतील, तर टर्नटेबल तपासा. प्लॅटरच्या (फिरणाऱ्या तबकाच्या) कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. बरोबर १०० व्हायला हवेत. ८३ च्या आसपास आले, तर यंत्र अमेरिकेतून आणलेलं असणार. जुन्या एसी मोटरचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, फ्रीक्वेन्सी तीच राहते, आणि सगळं संगीत पेटीवरच्या तीन पट्ट्यांएवढं खाली येतं. त्या मॉडेलसाठी ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तर ती बसवा. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण नसते. ९७-९८ फेरे आले तर मात्र बहुधा पट्टा सैल झालेला असतो.

कुठली प्रत आहे हे ओळखणं

पहिल्या १,००० प्रती पांढऱ्या होत्या, म्हणून पांढरी दिसली की भाव चढतो. पण २००९ ची विसाव्या वर्षाची आवृत्तीही पांढऱ्या रंगात निघाली. ती दोन तबकड्यांची आहे. जोडीला पोर्टलंडच्या पाइन स्ट्रीट थिएटरमधला ९ फेब्रुवारी १९९० चा कार्यक्रम आहे, आणि सब पॉपचा कॅटलॉग क्रमांक ८३४. मूळ एलपी एकाच तबकडीची, क्रमांक ३४. नुसत्या रंगावर पैसे मोजू नका, क्रमांकाचा आणि लेबलचा फोटो मागा.

ब्रिटनमधल्या ‘ट्युपेलो’ या कंपनीच्या प्रतीत ‘लव्ह बझ’ नाही, त्या जागी ‘बिग चीज’ आहे. १९९२ च्या सीडीत ‘बिग चीज’ आणि ‘डाउनर’ ही दोन्ही जास्तीची गाणी मिळतात. फक्त ऐकायचंच असेल तर आमच्या मते २००९ ची प्रत घ्या.

बाजूच्या शेवटी आवाज फाटत असेल तर

तबकडीच्या आतल्या भागात सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग कडेच्या तुलनेत निम्म्याहून कमी असतो. तेवढीच लहर थोड्या जागेत कोंबलेली असते. ‘पेपर कट्स’ आणि ‘सिफ्टिंग’ ही दोन्ही बाजूंची शेवटची गाणी नेमकी तिथे आहेत, आणि दोन्ही जड. सुईवर धूळ आहे का ते आधी पाहा, मग काट्रिजचा (सुई बसवलेल्या डबीचा) कोन, मग सुईवर पडणारं वजन. साध्या मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजला बहुधा २ ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. नेमका आकडा काट्रिजच्या कागदावर असतो. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे: सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक काट्रिज असतं, ते बरंच जास्त दाबतं. त्यावर महागडी प्रत लावू नका.

धुणं आणि पावसाळा

रोजच्यासाठी कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. बोटांचे डाग असतील तर चार भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत बसतात. हेच मिश्रण आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या रेकॉर्डवर लावू नका! त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून कागदी पाकिटांना बुरशी धरते. आतलं पाकीट पॉलिथिनचं बदलून घ्या, जुनं कागदी पाकीट कव्हरमागे वेगळं ठेवा, कारण विकताना त्याचीही किंमत होते. बाहेरचं आवरण पीव्हीसीचं नको, उकाड्यात तबकडीवर धुरकट डाग पडतात. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आणि उन्हात लावलेल्या गाडीत एकही विसरू नका.

परत पाठवायची असेल तर शेवटच्या गाण्यापलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेल्या मजकुराचा फोटो आणि तीन मिनिटांतल्या फेऱ्यांचा आकडा सोबत द्या.