लेडी आणि डेम : मान कोणाकडून येतो?

ब्रिटिश स्त्रियांच्या नावांआधी येणाऱ्या ‘लेडी’ आणि ‘डेम’ या उपाध्या मराठी लेखनात अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. प्रत्यक्षात लेडी हा मान बहुतेक वेळा पतीमुळे किंवा वडिलांमुळे मिळतो, तर डेम हा किताब त्या स्त्रीच्या स्वतःच्या कामगिरीचा असतो.

रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्याकडे हे दोन्ही मान होते. त्यांचे दुसरे पती, पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन, १९६८ मध्ये ‘सर’ झाले, त्यामुळे त्या ‘लेडी मॅलोवन’ झाल्या; १९७१ मध्ये त्यांचा स्वतःचा गौरव झाला, तेव्हा त्या ‘डेम अगाथा’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. सरांच्या पत्नीला लेडी म्हणताना पुढे आडनाव लावतात, डेमपुढे मात्र तिचे स्वतःचे नाव यावेच लागते, म्हणून ‘डेम ख्रिस्ती’ असे लिहिणे चूक आहे. लेडीपुढे थेट स्वतःचे नाव आले, तर ती स्त्री बहुधा अर्ल, मार्क्विस किंवा ड्यूक या वरच्या दर्जाच्या सरदारांची कन्या असते. १९७५ मध्ये वडील अर्ल झाल्यावर डायना स्पेन्सर ‘लेडी डायना’ झाल्या, त्या याच नियमाने. डेमच्या पतीला मात्र पत्नीमुळे कोणतीही उपाधी मिळत नाही, आणि ही विषमता अजून टिकून असावी हे मला खटकते.

लेडी हा शब्द जुन्या इंग्रजीतील असून त्याचा मूळ अर्थ ‘पावासाठी कणीक मळणारी’ असा मानला जातो. त्याच घरातला लॉर्ड म्हणजे पावाचा राखणदार. डेम फ्रेंचमार्गे लॅटिन ‘डोमिना’, म्हणजे घरची मालकीण, या शब्दावरून आला. गोव्यातील दोना पावला या नावातले ‘दोना’ हे त्याच डोमिनाचे पोर्तुगीज रूप होय. पूर्वी नाइटच्या, म्हणजे ‘सर’ किताब मिळालेल्याच्या, पत्नीलाही डेम म्हणत, आणि आजच्या घोटाळ्याचे एक कारण तेच असावे. पाचव्या जॉर्जने १९१७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा सन्मान सुरू केला, तेव्हा त्याच्या वरच्या दोन श्रेणींतील स्त्रियांना डेम हा किताब देण्याची रीत पडली.

मुंबईने लेडीचा नियम कधी पाळला, कधी मोडला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई नियमाप्रमाणे ‘लेडी टाटा’ होत्या. माहीमच्या कॉजवेसाठी, म्हणजे खाडीवरच्या रस्त्यासाठी, पैसा देणाऱ्या, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई मात्र ‘लेडी जीजीभॉय’ न होता, पतीच्या नावावरून ‘लेडी जमशेटजी’ म्हणूनच लोकांच्या तोंडी बसल्या.