भाकरी कडक हवी, पाणी झाकलेलं

2025च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. घट बसलेले, आणि सीना नदी पात्र सोडून शेतांत शिरलेली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात होती. माणसं शाळेत, देवळात, जिथे उंचवटा मिळेल तिथे जाऊन बसलेली. आमच्या गल्लीतल्या मंडळाने आरास बाजूला सारून मांडवात भाकरी गोळा करायला सुरुवात केली. घरटी दहा म्हणता म्हणता संध्याकाळपर्यंत ढीग लागला. आम्ही त्या भराभर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू लागलो, तेव्हा शेजारच्या अक्का मांडवाच्या दांडीला टेकून म्हणाल्या, "गरम भाकरी पिशवीत बांधताव व्हय? उद्याला तार सुटंल की!"

कोण ऐकतंय? रस्ते बंद असल्यामुळे टेंपो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. निम्म्या पिशव्या उघडल्यावर आंबूस वास आला. त्याच टेंपोत दोन खोकी कडक भाकरीची होती, विक्रीसाठी भाकरी करणाऱ्या एका घराने दिलेली. ती जशीच्या तशी कुरकुरीत. दोन्ही भाकरी एकाच ज्वारीच्या, एकाच तव्यावरच्या म्हणा हवं तर. फरक होता तो पाण्याचा.

अन्न नासतं ते त्यातल्या मोकळ्या पाण्यामुळे. 'मोकळ्या' हा शब्द इथे महत्त्वाचा. लोणच्यात, मुरांब्यात पाणी असतंच, पण मिठाने किंवा साखरेने ते धरून ठेवलेलं असतं. जंतूंना ते वापरता येत नाही. अन्नातलं पाणी जंतूंना कितपत मिळू शकतं हे मोजायला 0 ते 1 असं माप आहे, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाणी म्हणजे 1. साधारण 0.9च्या खाली बहुतेक जिवाणू वाढायचे थांबतात, बुरशा त्याहून चिवट असतात, आणि 0.6च्या खाली कुणाचीच डाळ शिजत नाही. गरम भाकरी पिशवीत बांधली की तिची वाफ प्लास्टिकला लागून पाणी होते आणि पुन्हा भाकरीवरच उतरते. म्हणजे आम्ही नकळत जंतूंची सोय करून दिली होती. कडक भाकरी मात्र पातळ थापून, भाजून, पुरती सुकवलेली असते. तिच्यात जंतूंना प्यायला काही उरतच नाही. शेंगाची चटणीही त्याच जातीची. उखळात कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि सगळ्या चुऱ्याला माखून टाकतं. तेल कितीही असलं तरी ते पाणी नव्हे.

हे तत्त्व जगातल्या मोठ्या मदतकार्यात फार उशिरा पोचलं. 1990च्या दशकात छावण्यांमधल्या तीव्र कुपोषित मुलांना एफ-100 नावाचं औषधी दूध देत. दूध उत्तम होतं, पण भुकटी पाण्यात कालवावी लागायची. छावणीतलं पाणी कसलं, ते वेगळं सांगायला नको. कालवलेलं दूध उन्हात काही तासांत जंतूंचं घर व्हायचं, म्हणून मुलाला आईसकट आठवडेच्या आठवडे उपचार केंद्रातच ठेवावं लागे. तिची बाकीची पोरं मागे छावणीत. आंद्रे ब्रियाँ हे फ्रेंच बालरोगतज्ज्ञ यावर उपाय शोधत होते. ब्रेडला लावायच्या चॉकलेटच्या बरणीवरचं लेबल वाचताना त्यांना वाट सुचली, असं सांगतात. दुधाची भुकटी पाण्यात न कालवता स्निग्ध पदार्थातच घोळायची! 1996 साली मिशेल लेस्कान यांच्यासोबत त्यांनी शेंगदाण्याचा लगदा, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं पाकीट तयार केलं. तेच प्लंपीनट. 92 ग्रॅमचं पाकीट, 500 किलोकॅलरी. पाणी नको, चूल नको, भांडंही नको; कोपरा फाडून मूल थेट चोखतं. मोकळं पाणी जवळजवळ नसल्याने जंतू त्यात पडले तरी वाढत नाहीत. त्यामुळे ज्या मुलांना दुसरी गुंतागुंत नाही त्यांच्यावर घरीच उपचार करता येऊ लागले. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ही पद्धत मान्य केली.

(सोलापुरी शेंगाचटणी म्हणजे प्राचीन प्लंपीनट, असा फॉरवर्ड कृपया कुणी पाठवू नये. चटणीत दूध भुकटी नाही, जस्त-लोह मोजून घातलेलं नाही, आणि तिखटाचा डोस आजारी लेकराला सोसणारा नाही. आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचंच तर बहात्तरच्या दुष्काळात कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं. खडी फोडायला गेलेल्या आई-आज्या आजही तिची चव सांगतात.)

कसलं अन्न द्यायचं हा एक प्रश्न, किती द्यायचं हा दुसरा. त्याचा इतिहास आपल्या मुलखाला चांगलाच ठाऊक आहे. 1876-78च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळत असताना, तिकडे मद्रास इलाख्यात ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असं ठरवलं. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला. हिशेब करून बघा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, त्यातून मिळतात जेमतेम 1,600 किलोकॅलरी, आणि काम दगड फोडायचं. आज मदतीचं नियोजन करताना माणशी सरासरी 2,100 किलोकॅलरी धरतात. त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसंही मोजलेली असतात. दगड फोडणाऱ्याला अर्थातच जास्त लागतात. टेंपल साहेब 1877 सालीच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

पण निर्वासितांच्या छावण्यांत माणसं भुकेने मरण्याआधी जुलाबाने मरतात. सोलापूर जिल्ह्याला हे सांगावं लागू नये. पंढरीच्या वारीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरायची आणि परतणाऱ्या दिंड्यांबरोबर गावोगाव पोचायची, हे एकोणिसाव्या शतकात वारंवार घडलं. मरीआईची देवळं वेशीवर उगाच नाहीत.

1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रोगी जमिनीवर पडलेले होते. कॉलऱ्याच्या रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. रुळलेला उपाय एकच होता, शिरेतून सलाईन. आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा सरळ पिंपांत पाणी भरायला लावलं. लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. पिंपाला तोटी लावली. रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं, पेल्याने पाजत राहा. त्या छावणीतला मृत्युदर 30 टक्क्यांच्या घरातून 3.6 टक्क्यांवर आला.

जुलाब होत असताना नुसतं पाणी पाजलं तर ते तसंच वाहून जातं. मग साखर-मिठाचं का टिकतं? कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींतून क्षार बाहेर सोडायला लावतं आणि त्यामागे पाणी धावतं. पण त्याच पेशींत एक आत जायचं दार असतं, त्याला हे विष हात लावत नाही. या दारातून ग्लुकोज एकटं जात नाही आणि सोडियमही एकटं जात नाही. सत्यनारायणाला बसायचं तर जोडीनेच, तसं. खरं तर एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम जातात, म्हणजे उपमा थोडी अवघडते. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागून आपोआप शोषलं जातं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली होती. ढाका आणि कलकत्त्यात त्यावर प्रयोगही झाले होते. पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नातेवाइकाच्या हातचा पेला पुरेसा आहे यावर मोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता. तो बसायला छावणी लागली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 साली या शोधाला विसाव्या शतकातला कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस 2022 साली गेले, आणि पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, 2023 साली मिळालं. यावर मी काही बोलत नाही.

आजच्या ओआरएसच्या, म्हणजे याच साखर-मिठाच्या मिश्रणाच्या, पाकिटात प्रमाण थोडं बदललंय, साखर आणि मीठ दोन्ही कमी केलंय. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये, त्याने लहान मुलाला अपाय होतो.

बनगावनंतर तेवीस वर्षांनी, 1994 साली, रवांडातले लाखो लोक पळून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमाजवळ आले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. ना विहीर खणता येई ना संडासाचा खड्डा. पहिल्या महिन्यात जवळपास 50,000 माणसं गेली, मुख्यतः कॉलरा आणि आमांशाने. ओआरएस तेव्हा जगाला माहीत होतं, पाणीच नव्हतं. या धक्क्यातून पुढे 'स्फियर' नावाची किमान मानकं आली. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, एका नळामागे फार तर 250 माणसं, 20 जणांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. आपल्या शहरांसाठीचा पाण्याचा निकष 135 लिटरचा आहे. 15 लिटर म्हणजे एक घागर आणि वर थोडं. त्यातच पिणं, रांधणं, धुणं.

बरं, पाणी मिळालं, क्लोरीन घातलेलं मिळालं, म्हणजे झालं? इथे मला मलावीतला एक प्रयोग फार आवडतो. मोझांबिकमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत विहिरीचं पाणी ठीक होतं, पण घरात गेल्यावर ते दूषित होत होतं. कारण रुंद तोंडाची बादली आणि तिच्यात बुडणारा हात. संशोधकांनी काही कुटुंबांना झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या दिल्या, काहींकडे जुन्याच राहू दिल्या, आणि चार महिने नोंदी ठेवल्या. नव्या बादल्यांच्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब 31 टक्क्यांनी कमी भरले. औषध नाही, लस नाही, फक्त बादली. आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे साठवणं ही काय चीज आहे ते सोलापूरकराला समजतं. पूर्वी माठावर लांब दांड्याचं ओगराळं ठेवलेलं असायचं आणि तांब्या बुडवला की आजी हातावर फटका द्यायची. त्या फटक्याची चाचणी मलावीत झाली, एवढंच.

क्लोरीनही कायमचं नसतं. उष्णतेत ते लवकर उडतं, बादलीतल्या घाणीशी झुंजताना खर्ची पडतं. दक्षिण सुदानच्या छावण्यांत मोजमाप केलं तेव्हा नळाला नियमाप्रमाणे असलेलं क्लोरीन काही तासांनी झोपडीतल्या पाण्यात उरत नव्हतं. नियम नळापाशी थांबत होता आणि माणसं पाणी पीत होती घरात. तिथे नळावरच जास्त क्लोरीन सोडावं, असं संशोधकांनी सुचवलं.

चादरींबद्दल थोडंच लिहितो, कारण सोलापुरात राहून चादरीवर टीका करणं जोखमीचं आहे. सुती चादर ऊब देते ती धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. भिजली की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. पुराच्या ओलीत चादर वाळतही नाही. जगभरच्या मदतकार्यात वर्षानुवर्षं पानिपतच्या, जुन्या लोकरीपासून विणलेल्या घोंगड्या गेल्या त्या यामुळेही. लोकर दमट झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. आता तिची जागा बहुतांशी पॉलिस्टरने घेतली आहे, ते पाणी शोषतच नाही म्हणा ना. आमच्या मंडळाने चादरी पाठवल्याच. अभिमान!

2024च्या अखेरीस युद्ध, हिंसा आणि छळामुळे घर सोडावं लागलेल्यांची संख्या जगात 12 कोटी 32 लाख होती. त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात विस्थापित होते. सीमा ओलांडली तरच कागदोपत्री निर्वासित होता येतं. पुरामुळे शाळेत येऊन बसलेला सीनाकाठचा शेतकरी या आकड्यात कुठेच नाही. त्याच्या आतड्यातलं दार मात्र बनगावच्या रोग्यासारखंच चालतं.

दुसऱ्या टेंपोत आम्ही कडक भाकरी, ओआरएसची पाकिटं आणि झाकणाच्या, तोटीच्या बादल्या घातल्या. शाळेच्या ओट्यावर एक आरोग्यसेवक ओटी टेस्ट करत होते. पाण्यात थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. त्यांनी एका नळीत टँकरचं पाणी घेतलं, दुसऱ्या नळीत कोपऱ्यातल्या उघड्या बादलीतलं, कालचं. पहिली नळी पिवळी झाली, दुसरी काचेसारखी नितळ राहिली. "यातलं कुठलं प्याल?" त्यांनी भोवती जमलेल्यांना विचारलं. पोरांनी, बायांनी, आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनीही, नितळ नळीकडे बोट दाखवलं.