नोये वाखेमधली आई कुठून आली
बर्लिनच्या उंटर डेन लिंडन रस्त्यावर नोये वाखे नावाची जुनी दगडी इमारत आहे, आत गेलं की नुसती रिकामी खोली आणि मधोमध ब्राँझची एक आई, मेलेल्या पोराला गुडघ्यांत ओढून घेऊन जमिनीवर बसलेली, एक हात स्वतःच्या तोंडापाशी आणि दुसऱ्याने त्याचा हात धरलेला. वर छताला गोल भोक आहे, उघडंच, पाऊस आला की थेट तिच्यावर पडतो, थंडीत बर्फ पण.

ही आई जर्मन शिल्पकार केथे कोलविट्झने घडवलेली. तिचा धाकटा पीटर, १८ वर्षांचा, १९१४ मध्ये सैन्यात जायचं म्हणून हट्टाला पेटला, वडिलांची सही लागत होती आणि ते तयार नव्हते, तेव्हा आईनेच त्याची बाजू घेतली. ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये तो गेला. ती सही तिच्या मनातून कधी गेली असेल असं मला वाटत नाही. नाझींनी १९३३ ला तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर पडायला भाग पाडलं, त्यानंतर काही वर्षांनी तिने हे शिल्प करायला घेतलं, आणि मूळचं किती, तर जेमतेम ३८ सेंटीमीटर! पुढे १९४२ मध्ये नातूही रशियात मारला गेला, त्याचंही नाव पीटरच.

इमारत १८१८ ची, राजाच्या पहारेकऱ्यांसाठी बांधलेली. १९३१ ला पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक झालं, मग पूर्व जर्मनीने फॅसिझमच्या बळींचं केलं, आणि १९६९ ला एक अनाम सैनिक आणि छळछावणीतला एक अनाम कैदी यांचे अवशेष तिथे पुरले.

दोन्ही जर्मनींच्या एकीकरणानंतर चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल यांनी तेच छोटं शिल्प चौपट मोठं करून १९९३ मध्ये इथे बसवलं. त्यावर प्रचंड वाद झाला. मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली आई म्हणजे सरळ मेरी आणि येशू, मग छावण्यांत मारलेल्या ज्यूंनी यात स्वतःला कुठे शोधायचं, आणि मारणारे नि मरणारे सगळे एकाच 'बळी' शब्दात कसे बसवता? मला हा आक्षेप शंभर टक्के पटतो, कारण केथेचं दुःख एका घरातलं होतं, ते अख्ख्या देशाच्या नावावर टाकलं की कुणाचं तरी मरण त्यात बुडतंच. शेवटी दाराजवळ पाटी लावली, त्यावर ज्यू, सिंती आणि रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत, ते समाज), समलैंगिक, असे सगळे वेगवेगळे लिहिले.

तो सैनिक आणि तो कैदी मात्र अजून तिथेच आहेत, जमिनीखाली, शेजारी शेजारी.