फ्लू झालेल्या मुलाला कधी अ‍ॅडमिट करायचं, हे ठरलं कसं

आपल्याकडे फ्लू म्हणजे सर्दी-तापाचाच भाऊ असं धरून चालतात पण आधी तसं नव्हतं. १९१८ ची साथ आपल्या पणजीच्या पिढीला 'मानमोडी' म्हणून माहीत होती. बोटीने मुंबईत आली, आणि ऑक्टोबरात एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेल्याची नोंद आहे. तेव्हा व्हायरस माहीत नव्हता (माणसातला फ्लूचा व्हायरस सापडला १९३३ ला), अँटिबायोटिक नव्हतं, त्यामुळे फ्लूच्या मागून न्यूमोनिया झाला की हातात काहीच उरायचं नाही.

मग २००९. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली, देशातला पहिला मृत्यू, आणि फ्लूचं निदान व्हायलाच बरेच दिवस गेले होते. पुण्यात त्या दिवसात जे होते त्यांना आठवत असेल, शाळा बंद, तोंडाला रुमाल, आणि नायडू हॉस्पिटलबाहेर ही मोठी लाइन, साधं नाक गळणारं पोर आणि खरंच धाप लागलेलं पोर एकाच लाइनीत तासन्‌तास उभं. टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूवरची गोळी, मेडिकलमध्ये मिळायची नाही, टेस्ट पुण्यातच एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) पण सँपलचा नुसता ढीग. मला अजूनही वाटतं की त्या लाइनीनेच शिकवलं, सगळ्यांची टेस्ट करत बसलं तर ज्याला ऑक्सिजन हवाय तोच मागे राहतो.

म्हणून त्याच वर्षी केंद्राने ए, बी, सी अशा कॅटेगरी केल्या. ए म्हणजे साधा ताप-खोकला, टेस्ट नको, घरीच ठेवा आणि एक-दोन दिवसांनी परत बघा. बी म्हणजे ताप जास्त, घसा खूप दुखतोय, किंवा लक्षणं साधीच पण मूल पाच वर्षांच्या आतलं नाहीतर दमा, हृदयाचा त्रास वगैरे असलेलं, अशांना टॅमीफ्लू, आणि ती पहिल्या ४८ तासात सुरू केली तर जास्त उपयोग. सी म्हणजे थांबायचंच नाही, लगेच अ‍ॅडमिट: धाप, छातीत दुखणं, गुंगी, बीपी उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळसर. लहान मुलांसाठी त्यात वेगळं लिहिलंय, मूल सारखं किरकिर करतंय आणि दूध-खाणं घेत नाहीये. कारण तान्हं बाळ धाप लागते असं सांगणार कसं, ते फक्त दुधाला तोंड लावत नाही. पोट उडतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, शू कमी झालीय, ताप उतरून परत चढलाय, हेही त्यातलंच समजा, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची वाट बघू नका.

लस आहे, सहा महिन्यांच्या पुढे देता येते, बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंत दरवर्षी घ्या म्हणते, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो म्हणून जूनच्या आधी घेतलेली बरी. पण सरकारी मोफत लसींमध्ये ती नाही, स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते, त्यामुळे कितीतरी मुलं राहूनच जातात आणि याचं मला फार वाईट वाटतं.