बर्फफळी

गोठलेल्या तळ्यावर किंवा गोठलेल्या समुद्री खाडीवर, हातात शीड धरून उभ्याने वाऱ्याच्या जोरावर धावण्याची फळी. डोलकाठी, शीड आणि हाताने धरायचा आडवा दांडा (बूम) हे सगळे पाण्यावरच्या विंडसर्फिंगचेच असते. तरंगणारी फळी मात्र जाते आणि तिच्या जागी खाली पोलादी पाती बसवलेली लाकडी फळी येते. फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया, रशिया, कॅनडा आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिनेसोटा ही राज्ये या खेळाची घरे. तयार फळ्या थोड्या मिळतात, त्यामुळे पुष्कळ खेळाडू आपली फळी आपल्याच गॅरेजमध्ये बनवतात. कोल्हापूरच्या वाचकाने या खेळाकडे बघावे ते त्यासाठीच. आपल्याकडे तळे गोठत नाही, पण या खेळाचा अर्धा भाग लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगवर घडतो, आणि तो शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही कारागिराला समजावून सांगावा लागणार नाही.

रंकाळा का गोठत नाही, याचे उत्तर फक्त ‘इथे थंडी कमी’ एवढे नाही. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. वरचे पाणी गार झाले की ते तळाशी जाते आणि खालचे कोमट पाणी वर येते. अशी उलथापालथ होत सगळे तळे 4 अंशांवर आले, की मगच वरचा थर आणखी थंड होऊन गोठू लागतो. कोल्हापुरात जानेवारीतल्या पहाटेचा पारा साधारण 14-15 अंशांवर असतो. उत्तरेकडे मात्र हिवाळ्यात तापमान आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहते. तरंगणारा बर्फ खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा राहतो, म्हणून तळे तळापर्यंत न गोठता वरून जाड होत जाते.

या खेळाची परंपराच हाताने बनवण्याची आहे. नेदरलँड्समध्ये सतराव्या शतकात होड्यांना पाती लावून गोठलेल्या कालव्यांवर आणि तळ्यांवर त्या शिडाने हाकत असत. 1936-37 च्या हिवाळ्यात डेट्रॉइटमधील एका वृत्तपत्राच्या छंद-कार्यशाळेत सामान्य माणसाला स्वतः बांधता येईल अशी लहान बर्फनौका तयार झाली. 12 फूट लांबीची आणि 60 चौरस फूट शिडाची ती ‘डीएन’ (त्या ‘डेट्रॉइट न्यूज’ वृत्तपत्राची आद्याक्षरे) नौका आजही जगभर शर्यतींत धावते. विंडसर्फिंगचे मूळही असेच आहे. न्यूमन डार्बी यांनी 1964 मध्ये पेनसिल्व्हेनियात शीड लावलेली फळी बांधली आणि पुढच्याच वर्षी ती घरी कशी करायची याची माहिती एका मासिकात छापून दिली. जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी डोलकाठी कुठल्याही दिशेला झुकवता येईल असा सांधा वापरलेल्या फळीचे पेटंट घेतले, ते त्यानंतर. बर्फफळीच्या डोलकाठीखालीही तोच सांधा असतो.

फळीसाठी 12 ते 18 मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवुड चालते. लांबी माणसाच्या उंचीच्या मागेपुढे. खाली पुढे एक आणि मागे एक असे स्केटबोर्डचे दोन ट्रक (चाके धरणारे, वळणारे धातूचे जोड), आणि चाकांऐवजी चार पाती. ट्रकमधल्या रबरी बुशांमुळे माणूस ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला पाती वळतात. बेअरिंगच्या गाड्यावर उतारावरून सुटलेल्या मुलाला पुढची आडवी फळी पायाने ढकलली की गाडा वळतो हे ठाऊक असते. इथे ते काम अंगाचा तोल करतो. बुश मऊ असला तर वेगात फळी थरथरते, कडक असला तर वळतच नाही. म्हणून घरी फळी बनवणारे बुश बदलून बदलून बघतात.

खरा कस पात्यात लागतो. सर्वांत सोपे पाते म्हणजे लोखंडी अँगल उलटा करून त्याचा काटकोनी कोपरा खाली घ्यायचा. शिकायला ते पुरते, पण साधे लोखंड मऊ, धार लवकर मरते. त्याहून बरे पोलाद आपल्याकडे भंगारात मिळते: मालट्रकच्या कमानपाट्याचे. नवीनच घ्यायचे तर ईएन 31, ज्याला पाणी चढवले की ते बेअरिंगइतके कठीण होते. पाते ग्राइंडरवर घेताना घाई नडते. कड निळी दिसू लागली की तेवढ्या भागाचे टेंपर (कठीणपणा) उतरले. म्हणून दर हाताला थांबून पाते पाण्यात बुडवावे लागते. दोन्ही बाजूंच्या उतारांमध्ये साधारण 90 अंशांचा कोन ठेवतात. शेवटची धार मशीनवर होत नाही, ती दगडावर हाताने लावायची. पाते उजेडाखाली आडवे धरले आणि कडेवर पांढरी रेघ चमकली, तर तिथे धार बोथट आहे, कारण धारदार कड उजेड परत पाठवत नाही. अंगठ्याच्या नखावर पाते अलगद ओढल्यावर नखाचा बारीक कीस निघाला, की काम झाले.

पाते मधल्या भागात जवळजवळ सरळ आणि टोकांना किंचित उचललेले हवे. सरळपट्टी लावून खाली फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पातळ पाने सरकवली की हा उचल मोजता येतो. उचल जास्त झाला तर बर्फाला टेकणारी लांबी घटते आणि पाते आडवे निसटते. अगदीच नसला तर फळी वळताना अडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चारही पाती एकमेकांना समांतर असणे. एखादे पाते तिरके बसले तर ते सारा वेळ बर्फ खरवडत राहते, आणि वेग कुठे गेला ते खेळणाऱ्याला कळत नाही. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर ज्यांचा हात बसला आहे त्यांच्या दृष्टीने ही अलाइनमेंट अवघड नाही. ‘एक सूत इकडेतिकडे चालेल’ एवढेच इथे म्हणून चालत नाही.

पाण्यावर फळी वाऱ्याच्या दिशेने आडवी वाहून जाऊ नये म्हणून तिच्याखाली पाण्यात उतरणारे पर असते. बर्फावर ते काम पात्यांची धार करते, आणि पाण्याचा विरोध तर नाहीच. पाते घसरते ते दाबाने बर्फ वितळतो म्हणून, असे सांगितले जाते, पण एकट्या दाबाने हिशोब जुळत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा अत्यंत पातळ थर टिकतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी 1850 च्या सुमारास मांडली. चालत्या पात्याच्या घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. घर्षण इतके कमी असल्यामुळे फळी वाऱ्यापेक्षा वेगाने जाऊ शकते. समजा वारा आडवा ताशी 20 किलोमीटरने वाहतो आहे आणि फळी 40 ने धावते आहे. फळीवरच्या माणसाला तेव्हा जवळजवळ 45 किलोमीटरचा वारा जाणवतो, आणि तो बराचसा समोरून येतो. शीड याच वाऱ्यावर चालते. म्हणून वेग वाढेल तसे शीड अंगाकडे ओढून घ्यावे लागते आणि पाण्यावरच्यापेक्षा लहान शीड पुरते.

थंड हवा जडही असते. समुद्रसपाटीला उणे 10 अंशांची हवा कोल्हापूरच्या 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक-पंचमांशाहून थोडी अधिक दाट असते, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात शिडावर जोरही तितका जास्त येतो. फिनलंडचा ताशी 20 किलोमीटरचा वारा आणि रंकाळ्याच्या काठावरचा 20 किलोमीटरचा वारा शिडाच्या लेखी एक नव्हेत.

वळायला शीड पुढे झुकवले की फळी वाऱ्यापासून दूर जाते, मागे झुकवले की वाऱ्याकडे. ब्रेक नाही. थांबायचे तर तोंड वाऱ्याकडे फिरवून शीड सोडून द्यायचे, आणि हे वेग घेण्याआधी शिकायचे. बुटांखाली खिळ्यांचे पट्टे, डोक्याला हेल्मेट, गुडघ्या-कोपरांना पॅड हे किमान.

बर्फाची जाडी मोजल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये. एका माणसासाठी निदान 10 सेंटिमीटर पारदर्शक, काळसर दिसणारा बर्फ हवा. बर्फवृष्टीतून झालेला पांढरा बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड हवा. ओढा मिळतो तिथे, झऱ्यांपाशी आणि पुलाखाली थर अचानक पातळ होतो. पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक-दहा-एक असा आडाखा सांगतात: श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे असतात ती सुमारे 10 मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण 1 तास. त्या दहा मिनिटांत वर चढता यावे म्हणून टोकाला खिळे मारलेल्या दोन लाकडी मुठी दोरीने गळ्यात अडकवतात. जिवाच्या दृष्टीने सगळ्या साहित्यात यांच्याइतकी मोलाची वस्तू नाही, आणि ती घरी अर्ध्या तासात होते. एकट्याने मात्र कधीच जाऊ नये.

भारतात असा बर्फ हिमालयात आहे. लडाखमधील पँगाँग त्सो हे 4,200 मीटरहून उंचावरचे खारट तळेही हिवाळ्यात गोठते; फेब्रुवारी 2023 मध्ये त्यावर अर्धमॅरेथॉन झाली. शिडासाठी मात्र तिथली हवा विरळ आहे. तेवढ्याच वाऱ्यात शिडावरचा जोर फिनलंडच्या तुलनेत सुमारे 40 टक्के कमी पडेल, म्हणजे शीड मोठे लागेल. त्यात प्रदेश सीमेवरचा आणि दवाखाना लांब. कोल्हापुरातून तिकडे फळी घेऊन जाणाऱ्याने आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली शिकलेले असावे.

पात्यांच्या जागी चाके बसवली की तीच फळी जमिनीवर चालते, आणि कोल्हापुरात सराव करायचा तर हाच मार्ग. वाऱ्याचा विचार केला तर पन्हाळ्याजवळचे मसाई पठार लगेच डोळ्यांसमोर येते, पण ते टाळावे. तिथल्या कातळसड्यावरचा मातीचा थर बोटभरही नाही आणि पावसाळी फुले त्यावरच जगतात. चाकांचे चरे तिथे वर्षानुवर्षे राहतील. मोकळे, वाहने नसलेले डांबरी मैदान बरे. चाकांचे घर्षण पात्यांपेक्षा बरेच जास्त असल्यामुळे त्याच वाऱ्यात मोठे शीड घ्यावे लागते. शीड झुकवून वळणे, तोल आणि वाऱ्याकडे तोंड करून थांबणे या गोष्टी डांबरावर शिकता येतात. पात्याची पकड सुटून फळी आडवी घसरू लागते तेव्हा काय करायचे, ते मात्र बर्फावरच शिकावे लागते.