मिल्कशेक, फ्राइज आणि खिम्याचा गोळा: ‘अ‍ॅक्वा टीन’ची मागची गोष्ट

एक मिल्कशेकचा पेला, फ्रेंच फ्राइजचा दाढीवाला खोका आणि खिम्याचा गोळा असे तिघे न्यू जर्सीत एका घरात राहतात. शेजारच्या कार्लच्या पोहण्याच्या तलावात ते न विचारता डुंबतात आणि तो त्यांना शिव्या घालतो. ‘अ‍ॅक्वा टीन हंगर फोर्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचं कथानक इतकंच. बऱ्याच भागांत तेही अर्ध्यावरच सोडून दिलेलं असतं.

या सोडून देण्याची सुरुवात 1994 मधली. कार्टून नेटवर्कला मोठ्यांसाठी काहीतरी हवं होतं, पण पैसा नव्हता. हाताशी होता तो हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीच्या जुन्या मालिकांचा साठा. वाहिनीचे अटलांटातले अधिकारी माइक लाझो यांनी 1966 च्या ‘स्पेस घोस्ट’ची चित्रं कापून-जोडून त्या सुपरहिरोला टॉक शोच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे खरेखुरे, यजमान मात्र चितारलेला. जुन्या चित्रांत हालचाली मोजक्याच, त्यामुळे पात्रं नुसती एकमेकांकडे बघत राहायची. या अवघडलेल्या शांततेचंच लोकांना हसू यायला लागलं. अडचणीतून शैली जन्मली ती अशी.

डेव्ह विलिस आणि मॅट मायेलारो याच कार्यक्रमाचे लेखक. एका भागासाठी त्यांनी बर्गरच्या काल्पनिक दुकानाची जाहिरात करणारी खाद्यपात्रं रचली. तो भाग तेव्हा बाजूला पडला, पात्रं मात्र उरली आणि त्यांचीच स्वतंत्र मालिका झाली. गंमत म्हणजे बाजूला पडलेला तो भाग 2003 मध्ये दाखवला गेला. तोवर त्यातली पात्रं स्वतःच्या मालिकेत चांगली रुळली होती.

मालिकेचा पहिला भाग 30 डिसेंबर 2000 रोजी पहाटे, जाहिरातीविना, गुपचूप दाखवला गेला. सप्टेंबर 2001 मध्ये अ‍ॅडल्ट स्विम हा कार्टून नेटवर्कचा मोठ्यांसाठीचा रात्रीचा विभाग सुरू झाल्यावर मालिका नियमित झाली. सुरुवातीला हे तिघे गुप्तहेर होते. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ‘विषय काय?’ याचं उत्तर हवं होतं, म्हणून हा मुलामा. दोन-चार भागांतच तो खरवडून टाकला. डॉक्टर वियर्ड नावाचा वेडा शास्त्रज्ञ प्रत्येक भाग उघडायचा. पुढे तोही गेला. उरली ती अकरा मिनिटांची भांडणं. माझ्या मते मालिका खरी इथे सुरू होते. मास्टर शेकचा, म्हणजे त्या मिल्कशेकच्या पेल्याचा, निर्लज्ज फुशारकीखोरपणा डॅना स्नायडरच्या आवाजात ऐकताना गुन्ह्याचा तपास कुणाला हवाय?

मग 31 जानेवारी 2007. मालिकेतले मूनिनाइट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेममधून उचलल्यासारखे चपटे, चौकोनी चंद्रवासी. मालिकेवरच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्यांच्या दिव्यांच्या पाट्या अमेरिकेतल्या शहरांत लावल्या होत्या. बॉस्टनमध्ये कुणाला तरी त्या बॉम्ब वाटल्या. पूल बंद, रस्ते बंद, बॉम्बपथकं रस्त्यावर, आणि पाटीवरचा मूनिनाइट मधलं बोट दाखवत उभा! कार्टून नेटवर्कची मालक कंपनी टर्नर ब्रॉडकास्टिंग आणि जाहिरात कंपनीने मिळून 20 लाख डॉलर भरले. कार्टून नेटवर्कचे प्रमुख जिम सॅम्पल्स यांनी काही दिवसांत राजीनामा दिला. या प्रकरणावर बेतलेला एक भाग तयार झाला, पण वाहिनीने तो दाखवलाच नाही. आपल्याकडे कार्टून म्हणजे अजूनही पोरांना जेवताना गप्प बसवायची सोय. तिकडे एका कार्टूनने अख्खं शहर थांबवलं.

चित्रपट त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला. 2011 पासून मात्र मालिकेने स्वतःचं नावही टाकून दिलं आणि दर सीझनला नवं लावलं: ‘अ‍ॅक्वा युनिट पेट्रोल स्क्वॉड 1’, मग ‘अ‍ॅक्वा समथिंग यू नो व्हॉटएव्हर’, मग ‘अ‍ॅक्वा टीव्ही शो शो’. सुरुवातीचं गाणंही दर वेळी बदललं. स्कूली डीच्या मूळ रॅपची सवय झालेल्या प्रेक्षकांना हे खटकलं, मलाही खटकलं. पात्रं तीच, घर तेच, तलाव तोच; नुसती पाटी बदलून थकवा झाकत नाही.

2015 मध्ये लाझो यांनीच मालिका थांबवायचं ठरवलं. निरोपाच्या भागाच्या लांबलचक नावातच ‘या वेळी खरंच, शपथेवर’ अशा अर्थाची पुस्ती जोडली होती. त्यानंतरही 30 ऑगस्टला आणखी एक भाग आलाच. 2022 मध्ये दुसरा चित्रपट आला आणि 2023 मध्ये पाच भागांचा बारावा सीझन, पहिल्याच जुन्या नावाने.