सत्तर किलोचा माणूस, चार किलोची पकड

धबधब्यातलं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणं, नको म्हणणारे बहुतेक जण एकच कारण देतात: "माझ्या हातात तेवढा जोर नाही." पावसाळ्यात कसाऱ्याजवळच्या विहीगावला दोर लागले की हे वाक्य हमखास कानावर येतं. दोराला लोंबकळायचं म्हणजे हातांनी स्वतःला पेलायचं, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात वजन पेलतो तो हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेला पट्टा, आणि वेग आवरतो कमरेसमोरचा मूठभर ॲल्युमिनियमचा तुकडा. इंग्रजी आठच्या (8) आकाराच्या या कडीला ट्रेकर मंडळी 'फिगर ऑफ एट' म्हणतात. हाताकडे उरतं ते अगदी थोडं काम. किती थोडं, ते मोजता येतं, आणि ते गणित मला फार सुंदर वाटतं.

दोर फिगर ऑफ एटला वळसे घालून ब्रेकच्या हातात, म्हणजे दोर आवरणाऱ्या हातात येतो. वरच्या बाजूला तुमचं वजन, खालच्या बाजूला तुमची पकड. आता वळशाचा एक अगदी छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा. ताणलेला दोर तिथे धातूवर दाबला जातो. दाब जितका जास्त तितकं घर्षण जास्त, हे आपण शाळेत शिकलो. पण इथे दाब ठरतो तो त्याच तुकड्यातल्या ताणावरून. त्यामुळे प्रत्येक तुकडा ताणातला ठरावीक आकडा नाही, तर ठरावीक हिस्सा कमी करतो. पुढच्या तुकड्याकडे उरलेला ताण येतो, तो त्यातूनही तेवढाच हिस्सा काढून घेतो. म्हणजे घट चक्रवाढ पद्धतीने होते. लेओनार्ड आयलरने १८व्या शतकात हे सूत्रात मांडलं: दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे २.७१८ या संख्येचा घात, आणि घातांक म्हणजे घर्षणांक गुणिले वळशाचा रेडियनमधला कोन.

घर्षणांक, म्हणजे दोर आणि धातू एकमेकांवर किती घासतात ते सांगणारा आकडा, ०.३ धरू. अर्ध्या वळशाला गुणोत्तर येतं सुमारे २.६, पूर्ण वळशाला ६.६ आणि दीड वळशाला १७. सत्तर भागिले सतरा, म्हणजे साधारण चार किलो! सत्तर किलोचा माणूस थांबवायला चार किलोची पकड पुरते. फिगर ऑफ एटमध्ये दोर स्वतःवरही घासतो, त्यामुळे खरा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, पण अंदाज याच घरातला. कडी लहान की मोठी, याला सूत्रात जागाच नाही. लहान कडीवर दाब एकवटतो, पण दोर टेकण्याची लांबी तेवढीच घटते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. घर्षणांक मात्र घातांकात बसलेला आहे, म्हणून तो जरा हलला तरी उत्तर खूप हलतं. ०.३ चा ०.२ झाला की चार किलोचे साडेदहा होतात. दोर जुना की नवा, जाड की बारीक, चिखलाने माखलेला की स्वच्छ, याची अनुभवी लीडर एवढी चौकशी करतात ती यासाठी. शंका असली तर ते आणखी एक वळसा देतात.

यातून एक गंमत निघते. विहीगावचा धबधबा सुमारे १२० फूट, म्हणजे ३६ मीटर. साडेदहा मिलिमीटरच्या दोराचं वजन मीटरला साधारण ७० ग्रॅम. दोर दोन पदरी सोडला असेल तर काठावर उभं असताना तुमच्या खाली ५ किलो दोर लटकत असतो, आणि भिजल्यावर आणखी जड होतो. थांबवायला लागणारे चार किलो तर दोरच पुरवतो! म्हणून नवखा माणूस वरच्या टोकाला खिळून बसतो, त्याला दोर हाताने उचलून पुढे सरकवावा लागतो. जसजसं खाली जाल तसतसं हे वजन घटतं आणि तळाशी सगळी भिस्त हातावर येते. भीती वाटते वर, जिथे ब्रेक आपोआप लागलेला असतो. सावध राहायचं असतं खाली, जिथे माणूस नेमका सैलावतो.

खाली उभा असलेला जोडीदारही याच सूत्रावर काम करतो. वरच्याचा हात सुटला तर त्याने दोर खेचून ताणायचा. चार-पाच किलोच्या ओढीने वरचा माणूस जागीच थांबतो.

आता पाणी. २० मीटरवरून पडणारी सलग धार सेकंदाला २० मीटर वेगाने येते. तिच्यातलं सेकंदाला दहा लिटर पाणी खांद्यांवर अडलं, तर वीस किलोंचा भार पडतो. हाताला मात्र त्याचा सतरावा हिस्साच लागतो. पाण्याची मदतही होते. ३६ मीटर उतरताना सत्तर किलोंच्या माणसाची २५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. ती सगळी शंभर ग्रॅमच्या कडीतच साठली, तर कडी पावणेतीनशे अंशांनी तापेल, आणि नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता दोरात आणि हवेत जाते, तरी कोरड्या कड्यावरून भरभर उतरल्यावर कडीला बोट लावू नये. धबधब्यात पाणी ती जागच्या जागी निववतं.

खरा धोका असतो तळाच्या डोहात. डोहात साती आसरा राहतात, त्या माणसाला ओढून नेतात, असं गावोगाव सांगितलं जातं. भीती रास्त आहे, कारण चुकीचं आहे, आणि खरं कारण नवसाने टळत नाही. धारेखालचं पांढरं फेसाळ पाणी म्हणजे पाणी आणि हवेचं मिश्रण. त्यात एक तृतीयांश हवा असेल, तर तुमच्या शरीराने बाजूला सारलेल्या सत्तर लिटरचं वजन भरतं जेमतेम ४७ किलो. आर्किमिडीजच्या हिशोबाने २३ किलो कमी पडतात, आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. लाइफ जॅकेटची उचलही त्याच प्रमाणात घटते. शिवाय धारेपाशी पाणी उलटं फिरून माणसाला पुन्हा धारेखाली आणतं. 'शंभर टक्के सुरक्षित' अशी जाहिरात करणाऱ्यांना हे नक्की विचारा: आज पाणी किती आहे, आणि उतरणारा धारेपासून किती लांब पाण्यात पोचणार?

दोराच्या टोकाचा नियमही इथे उलटतो. कोरड्या कड्यावर टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटून पडत नाही. खाली खोल डोह असेल, तर दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडतात आणि गाठ मारत नाहीत. उतरणारा टोकावरून सरळ पाण्यात सुटतो आणि पोहत बाजूला होतो. गाठ असती, तर ती फिगर ऑफ एटमध्ये अडकून त्याला धारेखालीच बांधून ठेवते.